वायर जोडली आणि वेग घटला

प्रश्न : टीव्ही जागचा हलत नाही, मग तो वायफायवर कशाला, शक्य असेल तर वायरच ओढा, असं तुम्ही या सदरात ठणकावून लिहिलं होतंत. ते मनावर घेऊन मी राउटरपासून दिवाणखान्यापर्यंत लॅन केबल ओढून घेतली. दोन भिंतींना भोकं पाडली, घरच्यांची बोलणी खाल्ली. टीव्ही ६५ इंची, दीड वर्षापूर्वी घेतलेला, चांगल्यापैकी महाग. इंटरनेटचा प्लॅन ३०० एमबीपीएसचा. वायफायवर टीव्हीच्या स्पीड टेस्टमध्ये २४० ते २७० यायचे. वायर जोडली आणि ९३! केबल बदलून पाहिली, राउटरचं पोर्ट बदललं, टीव्ही रीसेट केला; ९४ च्या पुढे आकडा सरकत नाही. मुलगा म्हणतो, ‘बाबा, भोकं बुजवा आता.’ चूक कोणाची समजायची? केबलची, टीव्हीची की तुमची?
– एक निवृत्त मुख्याध्यापक

उत्तर : सर, थोडी माझी. तिच्याकडे येतेच. केबलची मात्र नसावी, तेव्हा ती लगेच उपटू नका.

निदान तुमच्याच पत्रात आहे. ९३, ९४ आणि काही केल्या त्यापुढे नाही. दुखणाईत केबल सहसा अशी वागत नाही. ती आज ४० देते, उद्या ८, परवा जोडणीच तुटते. (एक अपवाद आहे, तो पुढे सांगते.) रोज ९४ वर येऊन शिस्तीत थांबणं हे टीव्हीच्या पाठीमागच्या पोर्टचं लक्षण. ते पोर्ट १०० एमबीपीएसचं आहे.

मग उरलेले सहा गेले कुठे? लॅनच्या तारेतून माहिती पाकिटांमधून जाते. एक भरलेलं पाकीट, त्यावरचे पत्ते, पाकीट येतंय हे सांगणारी आधीची खूण आणि दोन पाकिटांमध्ये सोडावी लागणारी मोकळी जागा, सगळं धरून तारेवर १५३८ बाइटची जागा अडते. आत प्रत्यक्ष माल १४६० बाइट. भागाकार तुम्ही माझ्यापेक्षा लवकर कराल : शंभरातले साधारण ९५ हाती येतात. म्हणजे तुमचं पोर्ट जीव तोडून काम करतंय, त्याला बोल लावू नका.

बोल लावायचाच तर टीव्ही बनवणाऱ्यांना लावा. १०० एमबीपीएसचं हे फास्ट इथरनेट १९९५ सालचं. साध्या तांब्याच्या केबलवरून त्याच्या दहापट वेगानं माहिती नेण्याचं गिगाबिटचं मानक १९९९ साली आलं. आज घरगुती राउटरला गिगाबिट पोर्ट असणं यात कोणाला काही विशेष वाटत नाही. आणि तरी बहुतेक स्मार्ट टीव्हींच्या पाठीवर, अगदी भिंतभर पसरलेल्या महागड्या टीव्हींच्याही, अजून १०० चंच पोर्ट असतं. माहितीपत्रकात ‘लॅन : आहे’ एवढंच छापतात. किती वेगाचं, ते विचारल्याशिवाय कळत नाही, आणि विकणाऱ्याला विचारलं तर तो तुमच्याकडे असा बघतो की आपलंच काहीतरी चुकलं असं वाटावं.

त्याच टीव्हीतलं वायफाय मात्र बरंच पुढचं. दोन अँटेनांचं वायफाय ५ (वायफायची पाचवी पिढी) असेल तर ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात, ८० मेगाहर्ट्झ रुंदीच्या चॅनेलवर ते राउटरशी ८६६ एमबीपीएसला जोडलं जातं. हा कागदावरचा आकडा. हवेतल्या घासाघिशीत त्यातला निम्मा हाती लागला तरी समाधान मानावं, पण निम्मा म्हणजेही चारशेच्या वर. तुमच्या ३०० च्या प्लॅनमधले २६० त्यातून आरामात येणार. वायफाय वायरीपुढे गेलं म्हणजे काही चमत्कार झालेला नाही. एकाच टीव्हीत नवं वायफाय आणि जुनं पोर्ट एकत्र नांदतायत, इतकंच.

आता माझी चूक. मी ‘वायर वेगवान’ असं सरसकट लिहिलं. बावीस वर्षं ऑफिसांमधून केबल ओढण्यात घालवली, तिथे दोन्ही टोकांना गिगाबिट असायचं, त्यामुळे ते वाक्य माझ्या तोंडात बसलेलं. टीव्हीला ते लागू पडत नाही, आणि घरात स्वतःचा टीव्ही असून मी ते कधी मोजून पाहिलं नव्हतं. तुमचं पत्र आल्यावर वही घेऊन बसले. दर दहा मिनिटांनी एक टेस्ट, दोन तास वायरवर, दोन तास वायफायवर. वायर : ९३, ९४, ९४, ९४, ९३… बाराही वेळा तेच. शेवटचे दोनतीन आकडे न बघताच लिहावेत असा मोह झाला. वायफाय : २७१, २५८, २६४, मग एकदम ११२, कारण भाची शेजारच्या खोलीतून फोनवरचा व्हिडिओ पाठवत होती. पुन्हा २४९, २६०, आणि दहाव्या वेळी ३८. उठून शोधलं तर टोकाच्या खोलीत जुना लॅपटॉप आपणहून अपडेट उतरवून घेत होता.

त्या ३८ मध्ये सगळी गोम आहे. वायफायच्या एका चॅनेलवर एका वेळी एकानंच बोलायचं असतं. राउटर बोलत असेल तर बाकीचे गप्प, फोन बोलत असेल तर राउटरही गप्प. लांबच्या खोलीतल्या यंत्राला सिग्नल कमी मिळतो म्हणून ते सावकाश, एकेक शब्द सुटा करून बोलतं. सभेत एखादे गृहस्थ माइक धरून संथपणे बोलत राहिले की बाकीच्यांची वेळ खातात ना, तसं. टीव्ही राउटरच्या शेजारी असला तरी त्याला थांबावंच लागतं. तुमच्या वायरीत हा प्रकार नाही. तिच्यावर टीव्ही एकटा आहे, आणि जाणारी-येणारी माहिती वेगवेगळ्या जोड्यांवरून जाते.

आणि लागतं तरी किती? फोर-के चित्रासाठी नेटफ्लिक्स १५ एमबीपीएस पुरे म्हणतं, यूट्यूब २० म्हणतं. शिवाय टीव्ही चित्रपट सलग ओढत नाही. काही सेकंदांचा एक तुकडा भराभर उतरवून घेतो, तो दाखवत असताना पुढचे साठवतो, साठा पुरेसा झाला की स्वस्थ बसतो. पुढचा तुकडा ९४ नं आला काय नि २६० नं आला काय, तुम्हाला तोच नट त्याच वेळी तेच वाक्य बोलताना दिसणार. गोल चक्र फिरतं ते साठा संपेपर्यंत नवा तुकडा आला नाही तर. म्हणजे बघायचा असतो तो दिवसातला सगळ्यात वाईट आकडा. माझ्या वहीत वायफायचा वाईट आकडा ३८ होता, तोही पुरला असता. पण त्याच वेळी भाचीही व्हिडिओ पाठवत असती तर? वायरीचा वाईट आकडा ९३.

म्हणून सर, वायर राहू द्या. तुम्हाला तिचा आणखी एक फायदा आहे, जो टीव्हीवर दिसणार नाही : टीव्ही हवेतून बाहेर पडला की मुलाच्या फोनला हवा मोकळी मिळते. संध्याकाळी सगळे घरी असताना त्याला त्याच्या फोनवर टेस्ट घ्यायला सांगा, एकदा टीव्ही वायफायवर लावून आणि एकदा वायरवर. दोन्ही वेळा टीव्हीवर फोर-के काहीतरी सुरू ठेवा.

आता तो अपवाद. टीव्हीच्या बाजूचं टोक काढून गिगाबिट पोर्ट असलेल्या लॅपटॉपला जोडा आणि टेस्ट घ्या. २८० च्या आसपास आले तर केबल निरोगी. तिथेही ९४ च आले आणि राउटरचं पोर्ट गिगाबिट असेल, तर मात्र केबल किंवा प्लग तपासा. केबलीत आठ तारा, चार जोड्या असतात. १०० च्या वेगाला दोनच जोड्या लागतात, प्लगमधल्या १, २, ३ आणि ६ क्रमांकाच्या तारा. गिगाबिटला चारही लागतात. उरलेल्या जोड्यांमधली एक तार जरी तुटली तरी बरीच यंत्रं निमूटपणे १०० वर उतरतात आणि कोणाला काही कळत नाही. एका ऑफिसात या भानगडीपायी माझे दोन दिवस गेले होते. शेवटी प्लग डोळ्यांजवळ धरून पारदर्शक प्लास्टिकमधून तारा मोजल्या : नारिंगी, हिरव्या, निळ्या सगळ्या टोकापर्यंत पोचलेल्या, आणि शेवटची तपकिरी मिलिमीटरभर आखूड. पितळी पातं तिच्या डोक्यावरून हवेत खाली आलेलं. प्लग कापला, नवा दाबला, दीड मिनिटाचं काम.

तुम्ही केबल बदलून पाहिलीच आहे, त्यामुळे तुमच्याकडे असं असण्याची शक्यता कमी. पण भोकं पाडून ओढलेली केबल एकदा चारही जोड्यांवर तपासलेली बरी. पुढचा टीव्ही कदाचित गिगाबिटचा असेल.

प्रश्न : माझ्याकडे फोर-के ब्लू-रे डिस्कवरून जशाच्या तशा उतरवलेल्या फाइली आहेत, एकेक साठ-सत्तर जीबीची. त्या दुसऱ्या खोलीतल्या संगणकावर ठेवून टीव्हीवर बघतो. वायरवर नव्वद टक्के चित्रपट लोण्यासारखा चालतो आणि नेमक्या हाणामारीच्या, पावसाच्या, धुरळ्याच्या प्रसंगांत अडखळतो. इंटरनेट तर मध्ये येतच नाही. मग?
– फाइलींचा संसार सांभाळणारा एक वाचक

उत्तर : वरच्या पत्राला मी ‘९४ पुरे’ म्हटलं, ते तुम्हाला लागू नाही. स्ट्रीमिंगवाले चित्रपट पिळून लहान करून पाठवतात. डिस्कवरचा चित्रपट तसा पिळलेला नसतो; फोर-के ब्लू-रेमध्ये वेग १२८ एमबीपीएसपर्यंत चढू शकतो. सरासरी साठ-सत्तर असते, म्हणून एरवी निभतं. पाऊस पडायला लागला की पडद्यावरचा ठिपका न् ठिपका दर क्षणाला बदलतो, तेवढी माहिती वाढते, आणि १०० चं पोर्ट तिथे दम टाकतं. तुम्ही तिन्ही उदाहरणं अचूक दिली आहेत. धुरळा तर सगळ्यात वाईट.

टीव्ही आणि राउटर एकाच खोलीत असतील तर तुमच्यासाठी ५ गिगाहर्ट्झचं वायफाय वायरीपेक्षा खरोखर चांगलं. संगणक मात्र राउटरला वायरीनंच जोडलेला ठेवा, नाहीतर एकच फाइल हवेतून दोनदा जाईल, एकदा राउटरकडे आणि एकदा टीव्हीकडे.

दुसरी वाट म्हणजे यूएसबीला लावायचा गिगाबिट लॅन अडॅप्टर. टीव्हीच्या यूएसबी २.० पोर्टलाही तो लावला तर ४८० च्या कागदी वेगातून साधारण तीनशेपर्यंत मिळतात, जे तुम्हाला भरपूर झाले. अडचण एकच : टीव्हीनं त्याला ओळखलं पाहिजे. अँड्रॉइडवर चालणारे काही टीव्ही लावल्याबरोबर ओळखतात, बरेच टीव्ही ढुंकूनही बघत नाहीत. तुमच्या नेमक्या मॉडेलवर कोणाचा तरी चाललाय हे कळल्याशिवाय घेऊ नका, किंवा परत करता येईल असाच घ्या.

तिसरी, सगळ्यात गावठी आणि माझी आवडती वाट : हार्ड डिस्क थेट टीव्हीला लावा. पण तिथे एक गंमत आहे. यूएसबी ३.० ची उपकरणं आणि त्यांच्या केबल वायफायच्या दुसऱ्या, २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट करतात; ब्लूटूथही तोच पट्टा वापरतं. इंटेलनं २०१२ साली यावर सविस्तर टिपण काढलं होतं. डिस्क टीव्हीच्या पाठीला चिकटून ठेवली आणि त्याच दिवसापासून २.४ चं वायफाय रडायला लागलं, ब्लूटूथचा रिमोट दोनदा दाबावा लागायला लागला, तर रिमोटचे सेल बदलत बसू नका. डिस्क हातभर लांब सरकवा किंवा शक्य असेल तर यूएसबी २.० च्या भोकात लावा.

प्रश्न : घर भाड्याचं, वायर ओढायची सोय नाही. टीव्ही झोपायच्या खोलीत, राउटर दाराजवळ. रात्री नऊनंतर चक्र फिरायला लागतं. मेश, म्हणजे वायफाय पुढे नेणारे ते जास्तीचे डबे, घ्यावं का? घेतलं तर दुसऱ्या डब्यातून टीव्हीला वायर जोडली की झालं ना वायरचं कनेक्शन?
– एक परिचारिका

उत्तर : ताई, नाही झालं. दुसऱ्या डब्यापासून टीव्हीपर्यंत हातभर वायर आणि डब्यापासून राउटरपर्यंत हवाच. साखळी तिच्या कमकुवत कडीइतकीच. तरी उपयोग होतो, कारण वेगळा आहे : टीव्हीचे अँटेना पडद्याच्या मागे पत्र्याला लागून, भिंतीकडे तोंड करून बसलेले असतात. मेशचा डबा मोकळ्यावर, उंचावर ठेवता येतो आणि त्याचे अँटेना चांगले असतात. फक्त तो टीव्हीजवळ ठेवण्याच्या नादात राउटरपासून इतका लांब नेऊ नका की त्यालाच काही ऐकू येणार नाही. दोन्हींच्या मध्यावर, दाराच्या रेषेत.

पण खर्चाआधी फुकटातले उपाय करा. टीव्ही कुठल्या पट्ट्यावर आहे ते सेटिंगमध्ये बघा. २.४ गिगाहर्ट्झवर असेल तर रात्री नऊचं गणित तिथेच सुटतं. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारी चॅनेल तीनच, १, ६ आणि ११, आणि शेजारपाजारचे सगळे राउटर, ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह त्यातच कोंबलेले. नऊला सगळेच टीव्ही लावतात. ५ गिगाहर्ट्झला जागा खूप जास्त आहे. तो भिंतींपुढे लवकर थकतो, पण याचाच अर्थ शेजाऱ्यांचा गोंगाटही भिंतीपलीकडेच थकतो. फोन नेमका टीव्हीमागे धरून दोन्ही पट्ट्यांवर टेस्ट घ्या. ५ वर तीसच्या वर येत असतील आणि रात्रीही टिकत असतील तर काहीही विकत घेऊ नका.

राउटर चपलांच्या कपाटात किंवा विजेच्या पेटीत असेल तर बाहेर काढा. हे मी प्रत्येक वेळी लिहिते आणि प्रत्येक वेळी कोणाचा तरी कपाटातच निघतो.

प्रश्न : ५ गिगाहर्ट्झवर टीव्ही उत्तम चालतो, पण आठवड्यातून एकदोनदा वायफाय मुळापासून नाहीसं होतं आणि मिनिटभरानं आपणच परत येतं. राउटर बिघडलाय का?

उत्तर : राउटर बदलण्याआधी चॅनेल बघा. ५ गिगाहर्ट्झमधली मधली बरीच चॅनेल, साधारण ५२ पासून पुढची, हवामानाच्या आणि इतर रडारांबरोबर वाटून घ्यावी लागतात. रडारची चाहूल लागली की राउटरनं जागा सोडायची, आणि अशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान मिनिटभर कान देऊन ऐकायचं, असा नियम आहे. तुमचं ते ‘मिनिटभर’ बहुधा हेच. राउटरच्या सेटिंगमध्ये चॅनेल ‘ऑटो’वरून काढून ३६ ते ४८ मधलं एखादं पक्कं करा. महिनाभरात एकदाही गेलं नाही तर राउटर निर्दोष.

प्रश्न : टीव्हीसाठी कॅट-८, म्हणजे वरच्या दर्जाची लॅन केबल घ्या असं दुकानदार म्हणतो. घेऊ?

उत्तर : नको. कॅट-५ई गिगाबिटला १०० मीटरपर्यंत पुरते, आणि तुमच्या टीव्हीचं पोर्ट बहुधा त्याच्या दहाव्या हिश्शाचं आहे. कॅट-८ जाड आणि ताठ असते. टीव्ही भिंतीला टेकलेला असेल तर ती मागे वळतही नाही. उरलेल्या पैशांत केबल मीटरभर जास्त लांब घ्या.